दोन टिंबं

लेच्चे शहरात पिवळ्या दगडाची धूळ
खिडक्या लावल्या तरी आत येते.
तळघरातल्या काचेखाली मात्र शिरत नाही.
तिथे एका माणसाची पोटरी आहे,
म्हणजे पोटरीवरचं आवरण:
रद्दी थरावर थर चिकटवून, वर चुना फासून
इजिप्तात कुणा कारागिरानं प्रेताला चढवलेलं.
रद्दीत सातूचे हिशेब निघाले, एक काडीमोड,
आणि कुठल्याशा ग्रीक प्रहसनाच्या सदतीस ओळी.
दोन हजार वर्षं तो गृहस्थ
पायाला विनोद बांधून निजला होता.

मी त्या सोडवल्या तेव्हा चौतीस वर्षांची होते.
चिमटा, ओला टीपकागद, रोखलेला श्वास.
नाटकाचं नाव नाही. पात्रांचीही नाहीत.
तेव्हाचे लेखनिक एवढंच करत:
बोलणारा बदलला की दोन टिंबं, एकावर एक.
कोण बोललं ते तुमचं तुम्ही ओळखा.
अंक संपला की एकच शब्द: 'कोरसचं'.
म्हणजे इथे नाचले, गायले,
काय ते लिहून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही.
(आमच्या घरातल्या बऱ्याच वर्षांबद्दल
मलाही एवढंच लिहिता येईल.)

बाविसावी ओळ अशी:

कोण आहे : मी : मी कोण : अरे हे माझंच

आणि पुढे भोक. मसुराएवढं. किड्यानं खाल्लेलं.

मी ठरवलं, बाहेर गुलाम आहे,
ढोसून आलाय, आतला दारवान त्याला खेळवतोय.
भोकात 'नशीब' भरलं.
खाली साडेतीन पानांची टीप.
ट्रीअरच्या एका प्राध्यापकांनी 'डोकं' सुचवलं.
अकरा वर्षं भांडलो आम्ही त्यावर,
'माझे विद्वान मित्र' ही जिथे शिवी असते
अशा सभ्य भाषेत.
हसलं कुणीच नाही.
प्रहसनाचा अभ्यास हा हसण्याचा धंदा नव्हे,
हे पहिल्याच वर्षी कळतं.

गेल्या मार्चात, शिरोक्को वाहत असताना,
किल्ली तळघरात विसरून घरी आले.
लिंदिता आईची औषधं आणायला गेलेली.
घंटा वाजवली. आतून सपाता घासत आल्या.

कोण आहे?
मी.
मी कोण?
एर्सिलिया.
एर्सिलिया शाळेत गेलीये. तुम्ही नंतर या.
अगं आई, हे माझंच घर आहे!

आत जरा वेळ काही नाही.
मग फटीतून, समजूत घातल्यासारखं:
सगळे असंच म्हणतात.

मी पायरीवर बसले, मांडीवर आर्टिचोकची पिशवी,
आणि हसू आलं ते पार बेंबीच्या देठापासून,
इतकं, की समोरचा न्हावी
अर्ध्या साबणातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.
मधेच ते रडू झालं असेल. माझं लक्ष नव्हतं.
माझ्या डोळ्यांपुढे बाविसावी ओळ होती.

बाहेर गुलाम नव्हताच कधी.
बाहेर म्हातारा होता, घराचा मालक,
प्रवासाहून परतलेला, चपलांत वाळू,
आणि कडी घालून आत दुसरं कुणीतरी.
भोकाच्या काठावर जो शाईचा कण
तीस वर्षं मी डाग म्हणून सोडून दिला,
तो डाग नव्हता. अक्षराचं पाऊल होतं.

लिंदितानं दार उघडलं तेव्हा
आईनं मला बैठकीत बसवलं, पाहुण्यांची कपबशी काढली.
साखर किती, विचारलं.

दुरुस्ती पाठवली, चारच शब्द:
२२. वाचा 'घर'. बोलणारा: म्हातारा.
वाचन कुणी सुचवलं ते नोंदवायचा आमच्यात रिवाज आहे,
म्हणून खाली लिहिलं,
अद्दोलोराता क्वार्ता, तोंडी.

संपादकांचं पत्र आलं:
या बाई कुठल्या विद्यापीठात असतात?

कळवलं : दाराच्या आत.